चार मिनिटांचे इंटरव्हल की छोट्या स्प्रिंट?

फुटबॉलपटूचा दम वाढवायचा म्हटलं की नॉर्वेचं ४×४ पुढे येतं. चार मिनिटं कमाल हृदयगतीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर धावायचं, मग तीन मिनिटं हलकं जॉगिंग, असं चार वेळा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या ज्युनियर खेळाडूंनी आठ आठवडे हे केलं. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता ५८ वरून ६४ मिली प्रति किलो प्रति मिनिट झाली, सामन्यातलं धावण्याचं अंतर वाढलं, स्प्रिंटची संख्या दुप्पट झाली. कमाल वेग मात्र जिथल्या तिथे!

दुसरा पर्याय पळव पळव पळवणारा. ४० मीटरची स्प्रिंट, तीही २० मीटरवर वळून परत येण्याची. मध्ये फक्त २० सेकंद उभं राहायचं. अशा सहा झाल्या की चार मिनिटं विश्रांती, एकूण तीन सेट. तिसऱ्या सेटमध्ये वळताना पाय जड पडतात, आणि सामन्याच्या शेवटीही नेमकं हेच होतं. २००८ मध्ये दोन्ही पद्धतींची तुलना झाली. ऑक्सिजनची क्षमता दोन्हींत सारखीच वाढली. पण लागोपाठच्या स्प्रिंटचा सरासरी वेळ फक्त स्प्रिंटवाल्या गटाचा सुधारला, यो-यो चाचणीतही (वाढत्या वेगात ये-जा धावण्याची दमाची चाचणी) हाच गट पुढे. दहा मीटरचा वेग कुणाचाच वाढला नाही.

हंगाम सुरू असेल तर मी दुसरा निवडेन. हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) नाजूक असलेल्याला मात्र ४×४च बरं. निव्वळ वेग हवा असेल तर दोन्ही सोडा: पूर्ण विश्रांती देऊन मोजक्या स्प्रिंट, जोडीला स्क्वॉट.