रत्नागिरीत जुनं अमेरिकन सोन्याचं नाणं दाखवायचं असेल तर हे दुकान बरंय

आजोबा बोटीवर होते, त्यामुळे घरात २० डॉलरचं एक नाणं पडून होतं, १९०४ चं, लिबर्टी हेडवालं, म्हणजे एका बाजूला लिबर्टी नावाच्या बाईचं डोकं असलेलं. बाजारातल्या एका सराफाने धड बघितलंसुद्धा नाही, डायरेक्ट वजन, वर घट आणि वितळवायचीच भाषा. मग बंदराकडच्या गल्लीतलं हे छोटं दुकान कळलं.

काकांनी नाणं कडेनेच धरलं आणि भिंगातून आधी बाईच्या कपाळावरचे केस बघितले, कारण झीज तिथे लगेच दिसते म्हणे, मग उलटवून गरुडाच्या शेपटीखाली टांकसाळीचं अक्षर शोधलं. अक्षर नाही म्हणजे फिलाडेल्फियाचं, आणि त्या साली तिथे ६२ लाखांवर पाडलेली, "तेव्हा दुर्मिळ म्हणून नाचू नका" हे त्यांनीच सांगून टाकलं. वजन ३३.४ ग्रॅम, ९० टक्के सोनं, म्हणजे शुद्ध सोनं साधारण ३० ग्रॅम, त्याचा आजचा भाव वेगळा आणि ग्रेडचे, म्हणजे नाणं किती चांगल्या अवस्थेत आहे त्याचे, वरचे पैसे वेगळे, असं कागदावर मांडून दिलं. ग्रेड ७० पैकी असते, ६० पासून पुढे न वापरलेलं, आमचं त्यांच्या अंदाजाने ५५.

आई चिंच लावून घासणार होती, ते ऐकून काका ओरडलेच! घासलेल्या नाण्याला पीसीजीएस, एनजीसीवाले (नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या अमेरिकन कंपन्या) सहसा ग्रेडचा नंबरच देत नाहीत, नुसतं "डिटेल्स" लिहितात, म्हणजे नाणं खरं पण खराब केलेलं, आणि भाव पडतो.

खटकलं एकच, विकायला ठेवलेल्या नाण्यांवर किंमतच नाही, प्रत्येकाची विचारत बसा. आणि दुपारी १ ते ४ बंद. ४ स्टार.