२०,००० शेअर, भागिले किती?

ऑफर लेटरवर २०,००० शेअर हा आकडा ठळक अक्षरांत होता. पगार आधीच्या नोकरीपेक्षा चतुर्थांशाने कमी. संस्थापक म्हणाले, "इथे तू नोकर नाहीस, मालक आहेस." कंपनीचे एकूण शेअर किती, असं मी विचारलं. "ते गोपनीय असतं," म्हणत त्यांनी हसून विषय बदलला. मी तिथेच उठायला हवं होतं. एकूण १ कोटी होते, म्हणजे माझा वाटा ०.२ टक्के, हे कळायला चार वर्षं गेली. तोवर नव्या गुंतवणूकदारांसाठी आणखी ६० लाख शेअर निघाले होते आणि माझा वाटा ०.१२५ टक्क्यांवर आला होता.

मुळात ते शेअरही नव्हते. ठरलेल्या किमतीला शेअर विकत घेण्याचा तो हक्क होता. चार वर्षांत थोडाथोडा हाती येणारा, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर काहीच नाही. ही पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दर बैठकीत आम्हाला ब्रिटनच्या जॉन लुईस दुकानांचा दाखला दिला जाई. तिथे १९२९ साली मालकाने धंदा कर्मचाऱ्यांसाठी ट्रस्टकडे सोपवायला सुरुवात केली, हे खरं. पण तिथल्या माणसाला मालकीसाठी पदरचे पैसे घालावे लागत नाहीत. आम्हाला घालावे लागणार होते, आणि हा फरक कुणी बोलून दाखवला नाही.

मी राजीनामा दिला तेव्हा ९० दिवसांची मुदत होती : शेअर घ्या, नाहीतर हक्क गेला. संस्थापकांनी स्वतः फोन केला. "वेडी आहेस का? आत्ता सोडलंस तर पस्तावशील." साठवलेले पैसे काढले, शेअर घेतले. ते विकायला बाजार नाही, दुसऱ्या कुणाला द्यायचे तर संचालक मंडळाची परवानगी लागते. तरीही कागदावरच्या नफ्यावर, म्हणजे मी दिलेली किंमत आणि शेअरची तेव्हा धरलेली किंमत यांतल्या फरकावर, कर भरावा लागला. (हा नियम देशोदेशी वेगळा असतो, तुमच्याकडे काय आहे ते आधी पाहा.)

पाच महिन्यांनी कंपनी विकली गेली. आम्ही एकमेकांना पेढ्यांचे फोटो पाठवले. मग पत्र आलं. गुंतवणूकदारांकडे प्रेफरन्स शेअर होते : विक्रीतून आधी त्यांची मूळ रक्कम परत, उरलं तर साध्या शेअरवाल्यांना. त्यांनी १०० घातले असतील आणि कंपनी ९० ला गेली, तर ते ९० त्यांचेच. आमच्यापर्यंत काही उरलं नाही. व्यवस्थापनासाठी मात्र विक्रीच्या रकमेतून वेगळा बोनस आधीच बाजूला काढलेला होता.

हे सगळं करारात होतं, म्हणून वकिलाने हात वर केले. मला झोंबतं ते वेगळंच. मला फोन आला त्या आठवड्यात विक्रीची बोलणी सुरू होती, आणि कुणाच्या वाट्याला काय येणार याचा तक्ता तयार होता. तो तक्ता ज्या सहकाऱ्याने बनवला, त्याने स्वतःचे शेअर घेतलेच नाहीत. मला सांगायची त्याला मनाई होती म्हणे.

नव्या ठिकाणी मी लेखी विचारलं : एकूण शेअर किती, माझ्या आधी कोणाची किती रक्कम फिटणार, सोडल्यावर मुदत किती. तीन दिवसांनी आकड्यांसकट उत्तर आलं. पगार तरी पूर्णच मागितला.