पदवीच्या गुणांचे नियोजन : म्हापशातील एका मार्गदर्शन केंद्राचा अनुभव

माझी मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिसऱ्या सत्राअखेर तिचा सीजीपीए (आतापर्यंतच्या सर्व सत्रांची दहापैकी सरासरी) ६.८ होता आणि चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करण्याचा तिचा विचार असल्याने आम्ही म्हापशाच्या बाजाराजवळील एका मार्गदर्शन केंद्रात तीन बैठकांचे १५०० रुपये भरले. शुक्रवारची वेळ मात्र कोणी घेऊ नये. त्या दिवशी बाजार भरलेला असल्यामुळे गाडी लावायला जागा मिळेपर्यंत अर्धी बैठक संपलेली असते.

पहिली बैठक खरोखर उपयुक्त ठरली. मार्गदर्शक बाईंनी उपदेश न करता गुणपत्रिका पुढ्यात घेतली आणि प्रत्येक विषयासमोर पेन्सिलीने त्याचे क्रेडिट, म्हणजे सरासरीतले त्या विषयाचे वजन, लिहिले. वीस क्रेडिटांच्या सत्रात चार क्रेडिटांच्या विषयाची श्रेणी 'बी'वरून 'बी प्लस'वर, म्हणजे एका अंकाने वर, गेली, तर एसजीपीए (त्या एका सत्राची सरासरी) ०.२ने वाढतो, दोन क्रेडिटांच्या विषयात तेवढीच सुधारणा केल्यास वाढ निम्मी होते. सोपे विषय आधी उरकण्याची सवय असलेल्या माझ्या मुलीला हे प्रथमच उमगले. सहा सत्रांअखेर ७.५ गाठायचे असल्यास उरलेल्या तीन सत्रांत सरासरी ८.२ लागेल, हेही त्यांनी तिच्याकडूनच काढून घेतले. तो आकडा पाहून ती जरा गप्प झाली, पण निदान उद्दिष्ट धूसर राहिले नाही.

दुसऱ्या बैठकीने मात्र निराशा केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या आराखड्यानुसार संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण लागतात, त्यामुळे सीजीपीएचे टक्के कसे काढायचे हा आमच्यासाठी कळीचा प्रश्न होता. दुसऱ्या मार्गदर्शकांनी ६.८ला बेधडक ९.५ने गुणून ६४.६ टक्के सांगितले. हा गुणक सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या पद्धतीतला आहे. पदवीसाठी ज्या त्या विद्यापीठाचाच नियम पाहावा लागतो. चूक दाखवल्यावर त्यांनी ती मान्य केली नाही, हे मला अधिक खटकले.

तिसरी बैठक वेळापत्रकाची होती आणि ती वीस मिनिटांत उरकण्यात आली. जायचेच असेल, तर बाईंचीच वेळ मागून घ्यावी आणि विद्यापीठाची नियमावली छापून सोबत न्यावी.