रातांबा लावायचा, पण बियांचं रोप की कलम?

रातांब्याची, म्हणजे कोकमाची, बी रुजवणं अवघड नाही, फक्त उशीर चालत नाही. वाळवून डबीत ठेवली की ती मेली. एप्रिल-मेमध्ये झाडावरच गडद लाल झालेलं फळ फोडायचं, पांढरा आंबटगोड गर चोखून खायचा आणि उरलेल्या बिया राखेत चोळून बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवायच्या. सावलीत निथळल्या की लगेच लावायच्या, साधारण २ सेंमी खोल. पिशवी लांब घ्या. सोटमूळ तळाशी पोहोचून वळलं, तर ते झाड पुढे जमिनीतही नीट धरत नाही. कोंब यायला तीन-चार आठवडे लागतात. काही बिया त्याहून मागे राहतात, म्हणून पिशव्या रिकाम्या करायची घाई नको. पहिले दोन उन्हाळे रोपावर सावली हवीच.

कलमापेक्षा रोपाचं झाड दिसायला देखणं, हे मान्य करायला हवं. सरळ उभं वाढतं, फांद्या खाली झुकतात, सावली दाट. बांधावर पाच-पंचवीस झाडं लावायची असतील तर खर्चही जवळजवळ नाही.

कलमाची खोड वेगळी. रोपावर जोडायची काडी आडव्या फांदीची घेतली असेल तर कलमही आडवंच पसरतं, शेंडा म्हणून धरतच नाही. मग काठी रोवून बांधा, खालच्या फांद्या आवरा, असं दोन-तीन वर्षं चालतं. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी वेळेवर सोडली नाही तर ती खोडात रुतते.

एवढं असूनही माझा कल कलमाकडे आहे, आणि कारण एकच. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. पानांवरून, खोडावरून काही कळत नाही. कळतं ते फुलल्यावर, आणि त्याला सात-आठ वर्षं लागतात. थंडीत झाड मोहरतं, जवळ जाऊन पाहावं तर पानांच्या बगलेत फुलांचे झुबके, आत नुसते पुंकेसर. मादी फूल बहुधा एकटंदुकटं असतं आणि त्याच्या मधोमध हिरवी गोळी दिसते. ती गोळी नाही म्हणजे आमसुलं नाहीत. परसात दोनच झाडांची जागा असेल तर एवढी वर्षं पाणी घालून हा निकाल ऐकणं मला फार जड वाटतं. मादी झाडाचं कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळ दाखवतं.

मादी निघाली तरी बियांच्या झाडाचं फळ कसं असेल याचा नेम नाही. साल पातळ निघते, किंवा फळ पिकतं ते जूनमध्ये. आमसुलांना सलग कडक ऊन हवं. साली फळाच्याच मीठ घातलेल्या रसात बुडवून वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, असं चार-पाचदा करावं लागतं. पाऊस पडला की बुरशी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात पावसाआधी आटपते, म्हणून मला ती बरी वाटते. ‘कोकण हातिस’चं फळ आकाराने डोळ्यांत भरतं. उशिराची फळं हाती आलीच, तर आगळ, म्हणजे सालींचा खारवलेला रस, करावं. त्याला ऊन लागत नाही. किलोभर सालींना १५० ते २०० ग्रॅम मीठ लावून बरणीत ठेवायचं, आठवडाभर रोज ढवळायचं आणि सुटलेला रस गाळून घ्यायचा.

नुसती मादी कलमं लावूनही भागेलच असं नाही. कोकणात आसपास कुणाचा तरी नर रातांबा असतोच. घाटावर लावणार असाल तर दहा कलमांमागे एक नर ठेवलेला बरा. बियांची रोपं आधीच लावून मोठी झाली असतील तर त्यातला एखादा नर तसाच राखा. बाकीचे नर छाटून नव्या फुटव्यांवर मादीची काडी बांधता येते, पण त्यासाठी बांधणारा हात सरावाचा हवा.

कलम विकत घेताना खाली बसून जोड पाहा. वरची काडी मरून जोडाखालचा फुटवा वाढलेली पिशवीही कलम म्हणून विकली जाते, आणि तो फुटवा म्हणजे बियांचंच रोप. पालवी जोडाच्या वर हवी आणि शेंडा शक्यतो उभा. खाली फुटवा दिसला तर दुसरी पिशवी मागा. लावल्यावर तिथे फुटला तर दर पावसाळ्यात बुडापासून खुडत राहा.