वरातीच्या घोडीसाठी नागपूरचा नालबंद : एक लग्नसराई आणि एक पावसाळा झाल्यावर

आमची मारवाडी घोडी आर्वी-पुलगाव पट्ट्यात वरातीला चालते, म्हणजे काम जवळपास सगळं डांबरी रोडवर. माघापासून नागपूरहून येणाऱ्या एका नालबंदाकडून तिचे खूर करून घेतोय, फौजेच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये (घोडे-जनावरं सांभाळणारी फौजेची शाखा) शिकलेला माणूस आहे. गावच्या माणसाच्या तिप्पट घेतो, वरून पेट्रोल वेगळं, त्यामुळे जो तो विचारतो काहून एवढे पैसे घालता बाप्पा. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

खेड्यात जो बैलाला पत्र्या मारतो तोच घोडीलाही नाल ठोकून देतो. आता बैलाचा खूर दोन फाकांचा, प्रत्येक फाकेला वेगळी पत्री, घोड्याचं काम पूर्ण वेगळं. पण तो तयार नाल आणणार, खुरावर ठेवणार आणि जेवढा खूर बाहेर दिसला तेवढा समोरून कानशीने उडवून देणार. म्हणजे नालेच्या मापाचा पाय! हा नागपूरवाला आधी खूर कापतो, मग नाल ऐरणीवर ठोकून खुराच्या मापाची करतो. माझ्या मते पैसे त्या कापण्याचेच आहेत, लोखंड तर कोणीही ठोकते.

पहिल्यांदा आला तेव्हा पेटी उघडायच्या आधी घोडी रोडवर चालवायला लावली, समोरून पाहिली, मागून पाहिली आणि म्हणे पुढचा उजवा पाय बाहेरच्या कडेवर आधी टेकतोय. मग खुरावर बोट फिरवलं, केसांच्या खाली दोन-अडीच सेंटीमीटरवर एक आडवी वळी होती, ती दाखवून विचारतो, "भाऊ, दिवाळीच्या सुमाराला चना वाढवला होता का?" वाढवला होता, सिझनसाठी अंगावर यावी म्हणून पोट्ट्याने ढेपही सुरू केली होती. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलीमीटर वाढतो, त्यावरून वळी कधी उमटली तो मागचा हिशोब लागतो म्हणे. दाणा एकदम वाढला की खुराच्या आत सूज येऊन घोडं कायमचं लंगडं होऊ शकतं, हे मला डॉक्टरनेही नंतर सांगितलं.

पुढचा भाग लांब वाढला होता, त्याने पायामागच्या नसा ओढल्या जातात. तरी एका दमात सगळा कापला नाही, प्रत्येक फेऱ्यात थोडा थोडा मागे घेतला. खिळे मारताना तर बघत राहावं असं काम. खिळ्याचं टोक एका बाजूने उतरतं असतं, ती बाजू आत ठेवून मारला की खिळा वाकून खुराच्या भिंतीतून बाहेर निघतो. चांगल्या भिंतीतून चालला तर टणक आवाज, मऊ भागाकडे वळला की आवाज बसतो. एक खिळा असा बसका वाजला तर लगेच उपटून दुसऱ्या जागी मारला. आणि टोक बाहेर आलं रे आलं की हातोडीच्या चिमट्याने पिरगाळून तोडतो, कारण घोडीने पाय ओढला तर ते टोक थेट त्याच्या मांडीत जाणार.

फरक उन्हाळ्यात कळला. लग्नसराईत पूर्वी नाल ढिली होऊन खडखड वाजायची, कधी वरातीतच निघून पडायची, यंदा तसं झालं नाही. मंगल कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर मात्र अजूनही घसरते, त्यावर त्याने काही केलं नाही, "फरशीवर नेऊच नका" एवढंच उत्तर.

तक्रार वेळेची आहे आणि मोठी आहे. सहा ते आठ आठवड्यांनी खूर करायलाच पाहिजे असं हाच सांगतो आणि ऐन सिझनात हाच फोन उचलत नाही. वैशाखात तारीख देऊन आला नाही, एक सुपारी हातची गेली. एका घोडीसाठी एवढ्या लांब यायला परवडत नाही हे समजतं, पण मग तसं तोंडावर सांगावं ना.

आषाढीनंतर लग्नं बंद, तर त्याने चारही नाला काढून टाकल्या. मला वाटलं होतं अनवाणी लंगडेल, पण आपल्या काळ्या मातीच्या चिखलात नाल तशीही उपसून निघते, सोबत भिंतीचा तुकडाही नेते. ह्या दिवसात खरा त्रास तळव्याच्या मधल्या त्रिकोणी गादीचा, तिथे चिखल कोंबून राहिला की काळं पडून घाण वास सुटतो. तबेल्यात मुरूम टाकला, कुटाराचा ओला थर रोज उचलतो, संध्याकाळी आकड्याने खूर कोरतो, वास आला नाही. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन तेवढं डॉक्टरकडून वेळेवर द्या, घोड्याला तो पटकन होतो आणि खुरात खिळा-काटा जाणं रोजचंच.

आता तुळशीच्या लग्नाआधी परत नाल चढेल. आर्वीकडचे अजून एक-दोन घोडेवाले त्याच फेऱ्यात धरले तर पेट्रोल वाटून जाईल आणि तोही तारीख पाळेल अशी आशा आहे. ज्यांचं घोडं फक्त वावरात आणि पांदणीने चालतं त्यांनी नालेचा खर्च घालू नये, नुसते खूर कापून घ्यावेत, त्याचे तो कमी घेतो.