उस्ताद की समुपदेशक?

भिवंडीतल्या एका आपांचा (ताईंचा) प्रश्न: नववीतला मुलगा दार आपटतो, महिनाभर धड जेवत नाही. शाळेतल्या दीनियातच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, उस्तादांकडे पाठवू की समुपदेशकाकडे?

राग आवरण्यात उस्ताद पुढे. 'उभा असशील तर बस, तरी राग गेला नाही तर आडवा हो' ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, पोराच्या ओळखीची असते. वजूला, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायला, उठलं की नळाखाली दोन मिनिटं आपोआप मिळतात. समुपदेशक श्वास मोजायला सांगतो. मुद्दा तोच, पण घरचा वाटत नाही.

दुःखाचं उस्तादांवर अवलंबून. नुसतं 'सब्र कर' म्हणणारे असले तर पोरगं गप्प होतं, बरं होत नाही. मुलगा युसूफच्या विरहात पैगंबर याकूब अलैहिस्सलाम यांचे डोळे पांढरे झाले, हे कुराणातच आहे. ते सांगून रडू देणारे उस्ताद मिळाले तर सोनंच.

गुप्ततेत समुपदेशक बरा. उस्तादांची जुम्म्याला अब्बूंशी गाठ पडतेच! खर्च मात्र बाहेरच्या समुपदेशकाचा, दर भेटीला.

रोजची चिडचिड, दोस्तांशी भांडण असेल तर उस्ताद पुरेत. झोप-जेवण सुटलं की समुपदेशक. जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला तर त्याच दिवशी डॉक्टर, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत १४४१६. आपा, तुमच्या पोराचं जेवण सुटलंय, तेव्हा आधी समुपदेशक. उस्ताद सोबत राहू देत.