सात रंगांची ढोबळी मिरची: बियाण्याच्या पाकिटातली फसवणूक

परसबागेत टोमॅटो-मिरची लावणाऱ्यांनी हे जरूर वाचा. गणपतीनंतर लागवडीचे दिवस आले की या जाहिराती पुन्हा फिरू लागतात.

मोबाईलवर जाहिरात आली होती: एकाच झाडाला सात रंगांच्या ढोबळ्या मिरच्या, शेजारी आकाशी निळे टोमॅटो, आणि दोन्ही बियाण्यांचा संच ५९९ रुपयांना. खाली समाधानी ग्राहकांचे फोटो. माझ्या सासूबाईंना बागेचं फार वेड. त्यांच्यासाठी मी तो मागवला.

पाकिटावर फक्त रंगीत चित्र होतं. ढोबळीचं बी निळं-जांभळं. भिजत घातलं तर पाणी निळं झालं आणि खाली साधं पिवळसर बी उरलं. कंपन्याही बियाण्याला रंग लावतात, पण तो बुरशीनाशकाची प्रक्रिया केल्याची खूण म्हणून, आणि तसं पाकिटावर लिहिलेलं असतं. इथे नुसता रंग फासला होता.

सासूबाईंनी तरी कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, पेरलं, रोपं कुंड्यांत लावली, काठ्या बांधल्या, रोज सकाळी पानं उलटून पांढरी माशी बघितली. ढोबळीच्या जागी लांबट तिखट मिरची आली. टोमॅटो लालच, छोटे आणि आंबट. त्यांच्या कष्टाचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

ढोबळी कच्ची असताना बहुधा हिरवी असते आणि पिकली की जातीप्रमाणे लाल, पिवळी किंवा नारिंगी होते. काही जाती कच्च्या असताना जांभळ्या दिसतात. एका झाडावर दोन-तीन छटा दिसल्या तर त्या पिकण्याच्या टप्प्यांच्या. सात रंग नाहीत, निळी ढोबळी तर नाहीच. काळपट जांभळ्या सालीचे टोमॅटो मात्र खरोखर आहेत. अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठाने २०१२ मध्ये ‘इंडिगो रोझ’ ही तशी जात आणली. पण तोही पिकल्यावर आतून लालच. आकाशी निळा टोमॅटो फक्त फोटोत पिकतो.

हा धंदा चालतो तो वेळेच्या जोरावर. बी खोटं आहे हे फळ धरल्यावर कळतं, म्हणजे तीन महिन्यांनी. तोवर जाहिरातीचं वेबपान गायब, फोन नंबर बंद.

आमच्या बाबतीत फोन लागला, आणि तिथेच दुसरा सापळा होता. पलीकडचा माणूस गोड बोलून म्हणाला, ‘ताई, पैसे परत करतो, रिक्वेस्ट पाठवलीय, पिन टाका.’ मी फोन ठेवला. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. असे पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा, उशीर झाला की ते पुढच्या खात्यात सरकतात.

कृषी सेवा केंद्रातल्या काकांना पाकीट दाखवलं. त्यांनी चित्राकडे पाहिलंही नाही, पाकीट उलटं केलं. जात, लॉट नंबर, चाचणीची तारीख, उगवणक्षमता, शुद्धता, उत्पादकाचा पत्ता, काहीच नव्हतं. बियाणं विकायला कृषी विभागाचा परवाना लागतो. प्रमाणित टोमॅटोच्या बियाण्याची उगवण किमान ७० टक्के, मिरचीची ६० टक्के असावी लागते. हे सगळं पेरण्याआधी तपासता येतं, म्हणून मी इतकं सविस्तर लिहिते आहे. बी हातात आल्यावर थोडं ओल्या कापडात गुंडाळून उगवणही बघा. टोमॅटो आठवड्याभरात मोड दाखवतो, ढोबळीला जास्त दिवस लागतात.

साधं, खात्रीचं बी हवं असेल तर राहुरी, दापोली, अकोला, परभणी या कृषी विद्यापीठांच्या बियाणे विक्री केंद्रांत चौकशी करा.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे. रिकामं पाकीट, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवा. जाहिरातीचा फोटो तर मागवतानाच काढा, कारण नंतर ती सापडत नाही.